भिंतीलगतच्या पट्ट्यासाठी उंच वाढणारी सह्याद्रीतील बहुवर्षायू झाडे आणि त्यांच्या सोबतीची झाडे: मार्गदर्शन हवे आहे

परसदार (फुलेवाडी, कोल्हापूर)

नमस्कार. फुलेवाडीच्या पुढे आमचे बैठे घर आहे आणि घराच्या पश्चिमेला साडेपाच फूट उंचीची कुंपणाची भिंत आहे. या भिंतीच्या आतल्या बाजूने चाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद असा पट्टा मोकळा आहे. जमीन काळी, भारी आणि चिकट आहे. पावसाळ्यात ती एकदा भिजली की कित्येक दिवस त्यात पाय ठेवता येत नाही आणि मार्चनंतर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पट्ट्याला सकाळपासून ऊन मिळते आणि दुपारी दोननंतर भिंतीची सावली येऊ लागते. दक्षिणेकडच्या टोकावर मात्र शेजारच्या आंब्याची सावली दिवसभर असते.

आतापर्यंत तेथे कर्दळ होती. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या आणि दाजीपूरच्या रस्त्याला जाणे झाले, तेव्हा ओढ्यांच्या काठाने माणसापेक्षा उंच वाढलेला पेवा, निळ्या-जांभळ्या तुऱ्यांची भारंगी आणि उतारावर फुललेली रानहळद पाहिली. ही सारी झाडे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच पावसावर वर्षानुवर्षे जगत आली आहेत, मग ती आपल्या अंगणात का नसावीत, असे मनापासून वाटले. ज्यांचा जमिनीवरचा भाग दरवर्षी वाळतो, पण जमिनीखालचा गड्डा किंवा मूळ जिवंत राहते आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटते, अशी झाडे मला लावायची आहेत.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिली अशी की, अशी उंच झाडे जुलैच्या वाऱ्यापावसात आडवी होतात असे ऐकते. त्यांना काठ्या न बांधता उभे कसे ठेवावे? दुसरी, त्यांचा खालचा भाग उघडा आणि बोडका दिसतो, तेथे सोबतीला काय लावावे? तिसरी शंका मला सर्वांत मोठी वाटते. डिसेंबरनंतर ही झाडे वाळून गेली की पुढचे पाच महिने चाळीस फुटांचा पट्टा रिकामा दिसेल, त्याचे काय करावे? ज्यांनी अशी लागवड प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रानवाट (पन्हाळा तालुका)

ताई, आपली तिसरी शंका खरोखर पहिली असायला हवी, कारण तिचे उत्तर मिळाले की उरलेल्या दोन शंकाही बऱ्याच अंशी मिटतात. उंच झाडे मागे, मध्यम झाडे मध्ये आणि बुटकी पुढे ही मांडणी आपण सर्वांनी वाचलेली असते. ती चुकीची नाही, पण ती थंड प्रदेशातील बागांसाठी तयार झालेली आहे. तेथे सगळी झाडे एकाच वेळी हिवाळ्यात सुप्त होतात आणि बर्फ वितळल्यावर एकाच वेळी उठतात, त्यामुळे केवळ उंचीचा विचार पुरतो. आपल्याकडे सुप्तीचा काळ कडक उन्हाळ्याचा आहे. शिवाय सह्याद्रीतील सगळी झाडे तो पाळत नाहीत. काही जूनमध्ये उठून नोव्हेंबरात थांबतात, काहींना ऐन थंडीत फुले येतात, तर काही वर्षभर हिरवी राहतात. म्हणून कोणते झाड कोणत्या महिन्यांत जागे असते हे आधी पाहावे, त्यावरून जोडी ठरवावी आणि उंचीचा विचार त्यानंतर करावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

पेव्यापासून सुरुवात करतो. हे झाड आल्याच्या आणि हळदीच्या नात्यातले आहे. जमिनीखाली त्याचा गड्डा असतो आणि वळवाच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की त्यातून कोंब येतात. खोड सरळ न वाढता किंचित पीळ घेत वर चढते आणि पाने त्या पिळाभोवती जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. अर्धवट सावली आणि ओल मिळाली तर ते पाच ते आठ फुटांपर्यंत जाते. ऑगस्ट-सप्टेंबरात शेंड्याला लाल छदांचा (म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या भागांचा) बोंडासारखा भाग येतो आणि त्यातून रोज एखाद-दुसरे पांढरे, तलम, मध्याशी पिवळसर झाक असलेले फूल उमलते. फूल एका दिवसाचे असले तरी लाल बोंड नंतरही दीर्घकाळ टिकते, त्यामुळे शोभा फुलांच्या हंगामापेक्षा बरीच लांबते. आपल्या आंब्याच्या सावलीतल्या टोकाला हेच झाड योग्य आहे. एवढे लक्षात ठेवावे की आंब्याची मुळे वरच्या थरातली ओल ओढून घेतात, त्यामुळे पावसाने आठवडा-दहा दिवस दडी मारली की तेथे पाणी द्यावे लागेल.

पेव्याच्या सोबतीला दशमुळी लावावी. ती सह्याद्रीच्या जंगलात सावलीत वाढणारी, तीन-चार फूट उंचीची झुडूपवजा वनस्पती आहे. पेव्याची पाने पिवळी पडू लागतात त्याच सुमारास दशमुळीला कळ्या धरतात आणि थंडीत निळी फुले येतात, जी जुनी होताना गुलाबी-लालसर होत जातात. पावसाळ्यात हीच दशमुळी पेव्याच्या उघड्या खोडांपुढे हिरवा पडदा धरते आणि वाऱ्यात त्यांना टेकूही देते. ही जोडी मी सर्वांत यशस्वी मानतो.

उत्तरेकडच्या उन्हाच्या भागात भारंगी लावावी. हिचे मूळ काष्ठमय आणि चिवट असते. वरचा भाग वाळला किंवा छाटला तरी पावसाला त्याच मुळातून चार-सहा नवी खोडे उठतात आणि ऑगस्टपर्यंत पाच-सहा फूट होतात. तिचे तुरे जड असतात, पावसाच्या पाण्याने आणखी जड होतात आणि तेथेच आडवे होण्याचा प्रश्न येतो. त्यावर उपाय म्हणजे भारंगीच्या पुढे आणि बाजूंना वाळ्याचे ठोंब लावणे. वाळ्याची पाने चार-पाच फूट उभी राहतात आणि झुकणाऱ्या फांद्या त्यांच्यावर सहज विसावतात. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली उतरतात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही जातात, म्हणून तो शेजाऱ्याचे अन्न फारसे हिरावून घेत नाही. उन्हाळ्यात भारंगी बोडकी असताना थोड्या पाण्यावर वाळा हिरवा राहतो, हा त्याचा आणखी एक उपयोग. आपल्या घरी रानभाज्यांची आवड असेल तर भारंगीची कोवळी पाने आणि फुले उकडून, पाणी काढून टाकून भाजी करता येते. पश्चिमेकडच्या गावांत ती आवडीने खाल्ली जाते.

या दोन जोड्यांच्या मधल्या भागात रानहळद आणि जागा असल्यास दिंडा लावावा. रानहळद उंचीला अडीच-तीन फुटांची आहे. तिच्या पिवळ्या फुलांच्या डोक्यावर गुलाबी-जांभळ्या छदांचा तुरा असतो आणि तो लांबूनही दिसतो. दिंड्याचे पान सुपाएवढे होते, त्यामुळे बारीक पानांच्या झाडांमध्ये एखाद-दुसरा दिंडा फार उठून दिसतो. मात्र दोन्ही झाडे डिसेंबरनंतर पूर्ण नाहीशी होतात, म्हणून यांच्या दरम्यान पिवळी कोरांटी आणि चित्रक पेरून ठेवावेत. त्यांची फुले पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीभर असतात. चित्रकाच्या मुळांचा रस त्वचेला लागल्यास दाह होतो, तेवढी काळजी घ्यावी. निळसर पंखांचे एक लहान फुलपाखरू त्याच्या कळ्यांवर अंडी घालते. कळ्या थोड्या कुरतडलेल्या दिसल्या तर फवारणी करू नये.

अगदी पायथ्याशी तेरड्याचे बी टाकावे. तेरडा बहुवर्षायू नाही, पण त्याचे बी आपोआप पडते आणि दर पावसाळ्यात तो स्वतःहून उगवतो. त्याची मुळे वरवरची असल्याने गड्ड्यांना त्रास होत नाही आणि गौरी येतात तेव्हा गौरीसाठी तेरडा घरचाच मिळतो. पहिल्या पावसाबरोबर जमिनीलगत चांदणीसारखी पिवळी फुले देणारी काळी मुसळीही कडेला लावण्यासारखी आहे.

पाठीशी, भिंतीच्या बाजूला, दोन-तीन ठिकाणी अडुळसा असू द्यावा. तो वर्षभर हिरवा राहतो, थंडीच्या शेवटी पांढरा फुलतो, मधमाश्या त्यावर मोठ्या संख्येने येतात आणि गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बाकी सर्व झाडे सुप्त असतील तेव्हा भिंत झाकण्याचे काम तोच करील. फुले संपल्यावर दरवर्षी त्याची छाटणी केली की तो भिंतीच्या उंचीत राहतो.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. रोपवाटिकेत पेवा मागितला तर अनेकदा ‘इन्सुलिन’ या नावाने विकले जाणारे रोप हातात ठेवले जाते. ते ब्राझीलकडचे आहे, उंचीला कमी आहे आणि त्याची फुले नारिंगी असतात. ते आपल्याला हवे असलेले झाड नाही. तसेच डोंगरउतारावर दिसणारे प्रत्येक उंच फूलझाड इथले असते असे नाही. पिवळा-नारिंगी कॉसमॉस मेक्सिकोकडून आला आहे, दीपमाळ आफ्रिकेतून आली आहे आणि घाणेरी व रानमोडी अमेरिका खंडातून आल्या आहेत. आपण काढू पाहत असलेली कर्दळसुद्धा अमेरिकेचीच आहे. यांतील कॉसमॉस आणि रानमोडी एकदा शिरली की आवरणे कठीण जाते, म्हणून त्यांचे बी हौसेने आणू नये.

हळदीचे रान (हातकणंगले तालुका)

वरील उत्तर उत्तम आहे; झाडांच्या निवडीबद्दल मला काही भर घालायची नाही. पण ताईंनी जमिनीचे जे वर्णन केले आहे, ते वाचून जमिनीबद्दल लिहिणे आवश्यक वाटले. पेवा, रानहळद आणि दिंडा ही जमिनीखाली अन्न साठवणारी झाडे आहेत. जंगलात ती उतारावर किंवा पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेल्या मातीत असतात, जेथे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही पाणी मुळाशी थांबत नाही. कोल्हापूर शहरात पाऊस त्या मानाने फारच कमी, हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, परंतु काळ्या मातीत तेवढाही साचून राहतो आणि जुलैअखेर गड्डे कुजतात. अशी झाडे मरण्याचे मुख्य कारण पाण्याची कमतरता हे नसून वाफसा न येणे, म्हणजे जादा पाणी निघून मातीत ओलीबरोबर हवा न खेळणे, हे असते.

आम्ही हळदीसाठी जे करतो, तेच येथे करावे. पट्ट्याच्या मातीचा एक फूट उंचीचा गादीवाफा करावा आणि भिंतीच्या बाजूला दीड-दोन फूट जागा सोडून तेथे पाणी निघून जाण्यासाठी उताराचा चर काढावा. भिंतीच्या पायालाही त्यामुळे ओल लागणार नाही. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती सुधारते, असा समज आहे. तो खरा नाही, थोड्या वाळूने माती उलट अधिक घट्ट बसते. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत आणि मिळाल्यास साखर कारखान्याच्या मळीचे कुजवलेले खत भरपूर मिसळावे. रासायनिक खताची गरज नाही, पण सेंद्रिय खताशिवाय काळ्या जमिनीत गड्डा पोसत नाही.

खत कुजलेलेच असले पाहिजे, हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण आपल्या भागात हुमणीचा उपद्रव किती आहे हे ऊस लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब आणि बाभळीच्या पानांवर जमतात आणि नंतर मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळे खातात. अर्धवट कुजलेल्या शेणाकडे त्या विशेष आकर्षित होतात आणि अशा खतातून त्यांची अंडी व लहान अळ्या थेट आपल्या वाफ्यातही येतात. खत पसरण्यापूर्वी ते चाळून पाहावे आणि पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून नष्ट कराव्यात. मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती ओलसर शेणखतात मिसळून जूनमध्ये वाफ्यात दिल्यास हुमणीला आळा बसतो आणि फुलपाखरांच्या झाडांवर विष मारण्याची वेळ येत नाही.

लागवडीपूर्वी लव्हाळा आणि हरळी ही चिवट तणे काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पट्टा खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी उन्हात वाळू द्याव्यात. बहुवर्षायू झाडे एकदा लागली की त्यांच्या गड्ड्यांत शिरलेला लव्हाळा काढण्यासाठी सगळा वाफाच उकरावा लागतो. गड्डे लावण्याची वेळ हळदीचीच, म्हणजे अक्षय तृतीयेपासून पहिला पाऊस होईपर्यंत. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुगीर डोळे असावेत आणि तो दोन-तीन इंचांपेक्षा खोल पुरू नये.

त्यानंतर वाफ्यावर उसाचे पाचट चार इंच जाड पसरावे. आपल्याकडे त्याला तोटा नाही, आणि ते शेतात पेटवून देण्यापेक्षा असे वापरले गेले तर दुहेरी लाभ आहे. पाचटाने उन्हाळ्यात भेगा पडत नाहीत. काळ्या जमिनीतील गड्ड्यांचे खरे नुकसान या भेगांमुळेच होते, कारण भेगांतून गरम हवा थेट मुळांपर्यंत जाते. कोंब वर येऊ लागले की त्यांच्याभोवतीचे पाचट हाताने बाजूला सारावे.

घाटमाथा (गगनबावडा)

येथील पावसात आम्ही राहतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कारवी, म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरचे जांभळ्या फुलांचे झुडूप, लावण्याचा विचार पुढे कोणी मांडील, तर या पट्ट्यात ती लावू नये. तिला उतार आणि पाण्याचा निचरा लागतो, आणि ती सात-आठ वर्षांनी एकदाच सर्वत्र फुलून बी देऊन मरते. जंगलात तो सोहळा पाहण्यासारखा असतो, परंतु चाळीस फुटांच्या वाफ्यात एकाच वर्षी सगळे मरून जागा रिकामी होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रस्त्याकडेला दिसले म्हणून गड्डे उपटून आणू नयेत. राधानगरी अभयारण्यातून कोणतीही वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि राखीव वनातूनही परवानगीशिवाय काही नेता येत नाही. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी पावसाळ्यात गाड्या थांबवून फुललेली रानहळद मुळासकट नेणारे लोक पाहिले की जीव तुटतो, कारण फुलात असताना उपटलेला गड्डा घरी जाऊन क्वचितच जगतो. ज्यांच्या बांधावर पेवा किंवा भारंगी आहे असे शेतकरी येथील वाड्यावस्त्यांवर आहेत. पेवा दाट झाल्यावर ते स्वतःच काढून टाकतात, त्यांना विचारून घ्यावा. पेव्याच्या पक्व खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या मातीत आडवे ठेवले तरी फुटतात, मूळ झाडाला धक्काही लागत नाही. भारंगीचे आणि तेरड्याचे बी पावसाळा संपताना सहज मिळते. झाड ओळखण्याची शंका असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जाऊन प्रत्यक्ष पाहून घ्यावे. फोटोवरून ओळखण्यापेक्षा ते खात्रीचे आहे.

परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या तपशिलात उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. वाचल्यावर काही प्रश्न नव्याने उभे राहिले. रानवाट सरांनी वाऱ्यात पडण्याबद्दल लिहिले आहे, आणि माझ्या वाचनात असे आले होते की खत जास्त झाले की उंच झाडे लुसलुशीत होऊन कोसळतात. हळदीचे रान दादांनी मात्र भरपूर खत घालण्यास सांगितले आहे. यांतले काय धरावे? माझ्या मुलीची मुले सुट्टीला येथे येतात, त्यामुळे विषारी झाडे टाळावी लागतील. मला कळलावी फार आवडते आणि ती भारंगीवर चढवावी असे मनात होते, तरी तिच्याबद्दल सांगावे. आणि उन्हाळ्यात सुप्त गड्ड्यांना पाणी द्यायचे की नाही?

रानवाट

ताई, खताबद्दल आम्हा दोघांच्या म्हणण्यात वाटतो तेवढा विरोध नाही. दादांनी सांगितलेले खत लागवडीपूर्वी एकदाच मातीत मिसळायचे आहे आणि त्याचा हेतू काळी माती मोकळी करणे हा आहे. ते अवश्य करावे. मी ज्याला हरकत घेईन, ते म्हणजे झाडे वाढीला लागल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये युरिया किंवा पातळ शेणकाला देत राहणे. त्याने पेवा आणि भारंगी दोन्ही झपाट्याने वाढतात, पेरे लांब होतात, खोड आतून मऊ राहते आणि पहिल्याच मोठ्या झडीत आडवे होते. दुसऱ्या वर्षापासून पाचट कुजून जेवढे मिळते, तेवढे या झाडांना पुरते. अंतरही महत्त्वाचे आहे. पेव्याचे तीन-चार गड्डे दीड-दीड फुटावर असे एकत्र लावले तर खोडे एकमेकांना धरून उभी राहतात. एकेकटे लावलेले झाड हमखास कलते.

आपल्या भिंतीमुळे एक गोष्ट अनुकूल आणि एक प्रतिकूल होणार आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे झाडे भिंतीच्या उंचीपर्यंत आडोशात राहतील आणि फक्त वरचा दीड-दोन फूट भाग वाऱ्यात येईल. मात्र तिरका येणारा पाऊस भिंतीवर अडतो आणि पायथ्याशी दोन फुटांचा पट्टा भर पावसाळ्यातही कोरडा राहू शकतो. अडुळसा ते सहन करतो, पेवा करीत नाही, म्हणून पेवा भिंतीपासून किमान अडीच-तीन फूट पुढे असावा.

कळलावी मात्र लावू नये. ती आपल्या मातीतली आहे, देखणी आहे, पानाच्या टोकाच्या तणाव्याने भारंगीवर छान चढली असती, हे सगळे खरे. पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे तीव्र विष असते आणि थोड्या प्रमाणातही ते जिवावर बेतू शकते. तिचा कंद रताळ्यासारखा किंवा एखाद्या खाण्याच्या मुळासारखा वाटू शकतो. मुले माती उकरत खेळतात त्या अंगणात ती असू नये. वेल हवाच असेल तर शतावरी उत्तरेच्या टोकाला भिंतीवर सोडावी. तिला बारीक काटे असतात, म्हणून ये-जा नसलेली बाजू निवडावी. पावसाळ्यात तिला बारीक पांढरी सुगंधी फुले येतात. चित्रकही मुलांच्या हाती लागणार नाही असा, म्हणजे वाफ्याच्या पुढच्या कडेऐवजी मधल्या ओळीत लावावा.

पाण्याचा प्रश्न आपण नेमका विचारला आहे, कारण मिश्र लागवडीत सर्वांत जास्त झाडे येथेच जातात. जानेवारी ते एप्रिल या काळात रानहळद, दिंडा आणि पेवा यांच्या गड्ड्यांना पाणी नको असते. भारी जमिनीत त्या काळी ओल राहिली तर ते आतून सडतात किंवा अवेळी फुटून उन्हात जळतात. उलट दशमुळी आणि अडुळसा यांना त्याच काळात आठवड्यातून एकदा पाणी हवे असते, आणि वाळ्याला दहा-पंधरा दिवसांनी दिले तरी चालते. म्हणून सगळ्या वाफ्यावर पाइपने पाणी मारण्याची सवय या पट्ट्यात ठेवू नये. दशमुळी, अडुळसा आणि वाळा यांना स्वतंत्र आळी, म्हणजे बुंध्याभोवती पाणी धरणारे मातीचे गोल खळगे, करावीत आणि पाणी फक्त आळ्यात सोडावे. दशमुळी पेव्याच्या अगदी चिकटून न लावता दोन फूट पुढे लावली की तिच्या आळ्याची ओल गड्ड्यांपर्यंत जात नाही. गड्डे कोठे आहेत ते वरून दिसत नसल्याने पाने वाळण्यापूर्वीच प्रत्येक गटाजवळ बांबूची कामटी रोवून ठेवावी, नाहीतर फेब्रुवारीत रिकामी जागा समजून कोणीतरी तेथे खुरपे घालते.

कृष्णाकाठ (शिरोळ)

आमच्याकडे जमीन क्षारपड आहे आणि पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे पेवा आणि रानहळद येथे जमत नाहीत. वाळा मात्र पुरात बुडूनही आणि खारवट जमिनीतही टिकलेला मी पाहिला आहे. शिरोळ-हातकणंगले भागातील वाचकांनी सुरुवात वाळा, अडुळसा आणि कोरांटी यांपासून करावी. वाळ्याचे ठोंब लावताना पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि पावसाच्या सुरुवातीला लावावेत.

हळदीचे रान

ताई, सरांनी सांगितलेली आळ्यांची पद्धत योग्य आहे. त्यात एवढेच सुचवतो की मेच्या मध्यापर्यंत वळीव झालाच नाही तर गड्ड्यांच्या जागी एकदाच, माती चार इंच भिजेल इतके पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा देऊ नये. पेव्याचे आणि रानहळदीचे गट तिसऱ्या-चौथ्या वर्षी फार दाट होतात आणि फुले कमी येतात. तेव्हा पाने वाळल्यावर अर्धे गड्डे काढून सावलीत कोरड्या मातीत ठेवावेत आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास दुसरीकडे लावावेत, किंवा मागणाऱ्यांना द्यावेत. मला स्वतःला पेव्याचे चार गड्डे हवे आहेत. बदल्यात चाळलेले शेणखत आणि दोन भारे पाचट फुलेवाडीपर्यंत पोहोचवीन.